बरोबर म्हणेपर्यंत

आर्व्हिड निस्कानेन माझी टिंगल करतोय अशी पहिले दोन महिने माझी खात्री होती. पुढे ती खात्री गेली, पण मग हा माणूस करतोय तरी काय, हेही कळेना.

गावातल्या तांत्रिक महाविद्यालयात मी बावीस वर्षं पाणी शुद्धीकरण शिकवते. तळ्यातलं पाणी नळात येण्याआधी त्याचं काय काय करतात, एवढाच विषय. तो शिकायला एक वर्ष लागतं आणि शिकवायला किती लागतं ते मला अजून समजलेलं नाही. मुलं विशीतली असतात. त्यांना पाण्यात रस नसतो, नोकरीत असतो, आणि त्यात गैर काही नाही. गैर एवढंच की ती ऐकत नाहीत. माझ्याकडे बघत बसतात, मधूनमधून मानाही हलवतात, आणि तासानंतर आज काय झालं विचारलं की जेवणाच्या सुट्टीत काय झालं ते सांगतात.

त्यावर उपाय म्हणून मी एक पत्रक काढलं होतं. पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत ‘वर्गात ऐकावं कसं’. पुढच्या बाकावर बसा, फोन दप्तरात टाका, आदल्या दिवशीचं वाचून या, जसंच्या तसं उतरवून न घेता आपल्या शब्दांत लिहा, आणि शेवटचं म्हणजे समजलं ते शिक्षकांना आपल्या शब्दांत सांगून बरोबर आहे का ते विचारा. आमचे विभागप्रमुख हार्लन क्विस्ट यांना ते इतकं आवडलं की सगळ्या विभागांत वाटायला लावलं. खाली माझं नाव, लोरेटा बुशे. मी ते वाटते आणि तास संपला की जमिनीवरून गोळा करते. चांगल्या स्थितीतली पत्रकं पुढच्या वर्षी पुन्हा वाटते. बावीस वर्षांत ते अथपासून इतिपर्यंत वाचणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याने माझं डोकं फिरवलं.

आर्व्हिड सत्तावन्न वर्षांचा होता. बापाच्या मागोमाग एकोणिसाव्या वर्षी कागद गिरणीत लागला आणि तीन नंबरच्या यंत्रावर चौतीस वर्षं उभा राहिला. गिरणी बंद पडल्यावर चार वर्षं लोकांच्या छपरांवरचा बर्फ काढणं, बोटींची इंजिनं दुरुस्त करणं असली कामं केली. बायको आयली शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. मुलगी अ‍ॅरिझोनात असते, आणि ती दर रविवारी फोनवर म्हणते की बाबा, घर विका आणि इकडे या. आर्व्हिडला अ‍ॅरिझोनाला जायचं नव्हतं. तिथल्या उन्हात सौना, म्हणजे घाम काढायची लाकडी खोली, तापवायची गरजच नाही, दार उघडलं की झालं, असं तो सांगायचा, आणि हा विनोद आहे की तक्रार ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. गावच्या पाणी केंद्रातला एक जण मे महिन्यात निवृत्त होणार होता. प्रमाणपत्र असेल तर ती जागा आर्व्हिडला देतो असं केंद्रवाल्यांनी कबूल केलं होतं. प्रमाणपत्र मिळालं नाही तर अ‍ॅरिझोना. इतकं ते सरळ होतं.

पहिल्याच दिवशी तो अगदी पुढच्या बाकावर, माझ्या टेबलाला गुडघे लागतील असा बसला. पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी सदरा, कानावर ओढायची टोपी मांडीवर. तळ्यातलं पाणी वसंतात का गढूळ होतं ते मी सांगत होते. माझं वाक्य संपलं तसा त्याने हात वर केला.

“म्हणजे बुशेबाई, बर्फ वितळला की काठावरची माती आत येते, आणि आपल्याला औषध जास्त घालावं लागतं.”

“हो,” मी म्हटलं.

तो बघतच राहिला. मी पुढचं वाक्य सुरू केलं, तरी हा माझ्याकडेच बघतोय.

“काय हवंय?”

“बरोबर का?”

“हो म्हटलं ना. बरोबर.”

मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे एक खूण केली. पाच मिनिटांनी पुन्हा हात वर. पुन्हा माझंच वाक्य त्याच्या शब्दांत, पुन्हा ती बघत राहण्याची तऱ्हा. पन्नास मिनिटांच्या तासात नऊ वेळा. मागच्या बाकावर केन्झी मोरो नावाची मुलगी होती. तोंडाची फटकळ, पण मनाने वाईट नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आजोबा, मॅडमनी सांगितलेलं आम्ही ऐकलं हो. परत परत काय लावलंय? तुम्ही काय प्रतिध्वनी देणारे डोंगर आहात का?”

वर्ग हसला. आर्व्हिडने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “ऐकलंस ना? मग सांग बघू काय म्हणाल्या.”

केन्झीला सांगता आलं नाही. वर्ग पुन्हा हसला, या वेळी तिला, आणि मला ते आवडायला हवं होतं. पण मला वाटलं, हा माझा वर्ग चालवायला लागला की काय.

तासानंतर मी त्याला थांबवलं. “निस्कानेन, तुम्ही हे मुद्दाम करता का?”

त्याने सदऱ्याच्या खिशातून माझंच पिवळं पत्रक काढलं. आयलीने त्याला दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली होती, ओलं होऊ नये म्हणून. त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“इथे लिहिलंय.”

मी ती ओळ वाचली. नाव माझंच होतं खाली.

“प्रत्येक वाक्याला नाही हो,” मी म्हटलं. “अधूनमधून.”

“अधूनमधून म्हणजे कोणत्या वाक्याला?”

मी फळा पुसायला घेतला.

गिरणीतली रीत त्याने मला त्याच दिवशी सांगितली. नियंत्रण कक्षातला माणूस रेडिओवर म्हणतो, बारा नंबरचा व्हॉल्व्ह उघड. यंत्रापाशी उभा असलेला म्हणतो, बारा नंबरचा उघडतोय. मग नियंत्रण कक्षातून ‘बरोबर’ असं यावं लागतं. ते आल्याशिवाय हात हलवायचा नाही, मग वाफ सुटू दे, मुकादम बोंबलू दे, काही होऊ दे. पहिला शब्द सांगणाऱ्याचा, दुसरा ऐकणाऱ्याचा आणि तिसरा पुन्हा सांगणाऱ्याचा. तो तिसरा शब्द येईपर्यंत काम सुरू झालेलं नसतं.

“इथे वाफ नाही,” मी म्हटलं. “इथे फक्त मी आहे.”

“हो,” तो म्हणाला, आणि त्यावर विचार करत गेला.

मी आजीच्या वळणावर गेलेली बाई आहे. मला एकदा एखाद्याचा वैताग आला की तो लवकर जात नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. झाडांची पानं गळून पडली तरी त्याचा हात खाली येईना. आणि गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की इतकं मन लावून ऐकणाऱ्या माणसाला चाचणीत मार्क मात्र बेताचेच पडत होते. काही उत्तरं अगदी नेमकी, काही साफ उलटी. केन्झी फोनवर अख्खा तास टेप करून ठेवायची आणि चाचणीच्या आदल्या दिवशी नखं रंगवता रंगवता ऐकायची. तिला आर्व्हिडपेक्षा जास्त मार्क. मला वाटलं, वय झालं. त्यालाही तेच वाटत असावं. चाचणीचा कागद हातात घेऊन तो उभा राहायचा, वही उघडायचा, कागद बघायचा, परत वही बघायचा. दोन वेगळ्या गावांचे नकाशे हातात आल्यासारखा.

डिसेंबरात प्रात्यक्षिक परीक्षा झाली. सहा काचेची भांडी, प्रत्येकात गढूळ पाणी, वरून फिरणारी सहा पाती. पाण्यात तुरटी घालायची. पाती आधी जोरात फिरवायची, म्हणजे तुरटी सगळीकडे पसरते. मिनिटभराने वेग एकदम कमी करायचा, म्हणजे मातीचे कण एकमेकांना धरून त्यांचे कापसासारखे पुंजके होतात. मग पाती थांबवायची, पुंजके खाली बसतात, वर स्वच्छ पाणी उरतं. सावकाश फिरवायच्या वेळी वेग वाढवला तर जमलेले पुंजके फुटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे प्रात्यक्षिक ज्याला जमलं नाही त्याला त्या वर्षी प्रमाणपत्र नाही. पुढची तुकडी दीड वर्षाने.

आर्व्हिडने तुरटी अगदी हिशेबात घातली. मग पाती सावकाश सुरू केली. वीस मिनिटं तशीच ठेवली. आणि मग, कुणी शिकवल्यासारखा अगदी आत्मविश्वासाने, वेग वाढवला. सहाही भांड्यांतलं पाणी पुन्हा चहासारखं झालं. मी परीक्षक होते, मला बोलायची परवानगी नव्हती. कागदावर नापास लिहिताना मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीत आला. टोपी हातात. वही काखेत.

“भांडायला नाही आलो, बुशेबाई. माझं काय चुकलं तेवढं सांगा. मला खरंच कळत नाहीये.”

“आधी जोरात, मग सावकाश. तुम्ही उलटं केलंत.”

त्याने वही उघडून माझ्यासमोर ठेवली. चौदा नोव्हेंबर. खाली त्याच्या ठोकळेबाज अक्षरात लिहिलं होतं: आधी सावकाश फिरवायचं. मग वेग वाढवत न्यायचा. आणि पुढे ती खूण.

“खूण म्हणजे तुम्ही बरोबर म्हणालात.”

“मी असं म्हणणं शक्यच नाही.”

“खूण आहे,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं.

मी वही बंद केली. बावीस वर्षं मी हे शिकवते, झोपेतून उठवलं तरी सांगेन. “तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल, निस्कानेन. आधी सावकाश हे तुम्हाला सुचलं तरी कुठून?”

“कुठलंही यंत्र आधी सावकाशच सुरू करतात ना. मग वेगाला आणायचं. तीन नंबरचं यंत्र एकदम जोरात सुरू केलं असतं तर अर्धं गाव उडालं असतं. म्हणूनच तुमचं ऐकल्यावर मला पटकन पटलं. तरी शंका नको म्हणून विचारून घेतलं.”

तो गेला. वही मात्र टेबलावरच राहिली, विसरला की मुद्दाम ठेवली ते मला कळलं नाही. मी चौदा नोव्हेंबर आठवायला लागले आणि मला काहीही आठवेना. फक्त एवढंच आठवलं की दुसऱ्या दिवसापासून हरणांच्या शिकारीचा मोसम होता, निम्मा वर्ग आदल्याच दिवशी जंगलातल्या खोपट्यांकडे पळाला होता, आणि उरलेल्यांत आर्व्हिड होता, त्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने शिकारीचा पहिला दिवस सोडला होता. वर्गात बसायला. माझ्या वर्गात.

मी केन्झीला शोधून काढलं. ती उपाहारगृहात पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात होती, वर केचप.

“चौदा नोव्हेंबरचा तास आहे तुझ्याकडे?”

“सगळे आहेत, मॅडम. ऐकले कोणी नाहीत, पण आहेत.”

तिने फोन माझ्यापुढे सरकवला. माझाच आवाज मला ओळखू येईना, कुणीतरी घाईत सामान आवरतंय असा. तुरटी, पाती, आधी जोरात, मग सावकाश. ठीक. मी सुस्कारा सोडला. मग आर्व्हिडचा आवाज आला, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा.

“म्हणजे बुशेबाई, आधी सावकाश फिरवायचं, आणि मग वेग वाढवत न्यायचा.”

आणि फळा पुसण्याच्या खसखस आवाजात मी: “हो हो, बरोबर. आता उद्या कोण येणार आहे आणि कोण हरणाची वाट बघत झाडावर बसणार आहे?” हशा. नंतर खुर्च्या सरकल्याचा आवाज.

केन्झी खायची थांबली. “मॅडम, तुम्ही तर हो म्हणालात.”

“ऐकलं मी.”

“पण आधी स्वतःच उलटं सांगितलं होतंत. मग हो कसं काय म्हणालात?”

“मला माहीत नाही, केन्झी,” मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

मी वही घेऊन घरी गेले आणि पहिल्या पानापासून वाचली. दोनशेहून जास्त खुणा होत्या. त्यातल्या पाच चुकीच्या वाक्यांपुढे होत्या. पाच वेळा तो चुकीचं बोलला होता आणि पाचही वेळा मी बरोबर म्हटलं होतं. चाचणीतली त्याची साफ उलटी उत्तरं म्हणजे हीच पाच. बाकी सगळं त्याने अचूक ऐकलं होतं. वर्गात एकच माणूस ऐकत होता आणि तो मी नव्हते. मला लाज वाटली. शिकवायला लागल्यापासून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

हार्लनकडे गेले. तो माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला, स्वभावाने मऊ, कुणालाही अडचणीत टाकायला न धजणारा माणूस.

“त्याची परीक्षा परत घ्यायला हवी,” मी म्हटलं.

“नियम माहीत आहे ना तुला? चूक विद्यार्थ्याची नसेल तरच. आजारी होता असं लिहू का? डिसेंबरात अर्धं गाव खोकतं.”

“तो आजारी नव्हता. मी चुकीचं बरोबर ठरवलं, असं लिहायचंय.”

“लोरेटा, ते पत्रक तुझं आहे. वर्गात ऐकावं कसं. हे कागदावर गेलं तर लोक हसतील गं.”

“मग हसू देत.”

शूरपणे म्हटलं खरं, आणि मग कागद घेऊन बसले. मी लिहून दिलं. हार्लनने सही केली आणि एक अट घातली: या वेळी परीक्षक तो स्वतः असेल आणि मी प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. अट योग्यच होती.

शनिवारी मी आर्व्हिडच्या घरी गेले. तो गाडीच्या वाटेवरचा बर्फ फावड्याने काढत होता. मागे सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. मी गाडीतून उतरून वही त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. टेप, पाच खुणा, हार्लन, जानेवारीतली परीक्षा. तो चिडेल म्हणून मी वाटेत उत्तरं तयार करून नेली होती. एकही लागलं नाही.

“म्हणजे मी नीट ऐकत होतो,” तो म्हणाला.

“हो. मी नव्हते ऐकत.”

त्याने फावडं बर्फात रोवलं. “मला वाटायला लागलं होतं की डोक्यात काहीतरी बिघडलं. आयलीला सांगितलं नाही मी. वडिलांचं शेवटी तसंच झालं होतं.”

मला रडू आलं. थंडीत ते बरं दिसत नाही, म्हणून मी खाली बघितलं.

“तुम्ही चिडत का नाही?” मी विचारलं. “मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.”

तो फावड्याच्या दांड्यावर रेलला. मग म्हणाला, “राइनो माहीत आहे? आयलीचा भाऊ. डाकघराशेजारी बसतो तो.”

राइनो गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापाशी पिनेने वर लावलेली असते.

“सगळ्यांना वाटतं त्याचा हात गेला तेव्हा मी यंत्रापाशी होतो. त्या दिवशी मी नियंत्रण कक्षात होतो. तो रेडिओवर म्हणाला, तीन नंबर बंद आहे, हात घालतोय. मी पास्टी खात होतो. मी म्हटलं, बरोबर.” त्याने फावडं पुन्हा उचललं. “तीन नंबर चालू होतं. मी ऐकलंच नव्हतं तो काय म्हणाला ते. फक्त त्याचं बोलणं थांबल्याचं ऐकलं होतं.”

मी त्याच्या हातातल्या फावड्याकडे बघत राहिले.

“तुमचं पाणी गढूळ झालं, बुशेबाई,” तो म्हणाला. “ते परत करता येतं.”

मग आयलीने दारातून हाक मारली, “अहो, बाईंना उभं काय ठेवलंय बर्फात? वेलचीचा पाव गरम आहे.” मी आत गेले. त्यांनी मला तीन तुकडे खायला लावले आणि परीक्षेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. प्रयोगशाळेच्या दाराला जाड काच आहे. मी आर्व्हिडबरोबर दारापर्यंत गेले, तो आत गेला, दार लागलं. मी बाकावर बसायला हवं होतं. बसले नाही. काचेला नाक लावून उभी राहिले, भेटायची वेळ संपल्यावर दवाखान्याबाहेर माणसं उभी राहतात तशी.

त्याने सहाही भांड्यांत तुरटी घातली. वेगाच्या बटणावर अंगठा ठेवला. मग त्याचे ओठ हलले. त्याने हार्लनला सांगितलं, आता काय करतोय ते. हार्लनने ओठ मिटले आणि मान नकारार्थी हलवली. बोलायचं नाही असा त्याचा अर्थ. पण आर्व्हिडला तो तसा लागला की नाही कोण जाणे. तो थांबला. अंगठा बटणावर तसाच. त्याने दाराकडे पाहिलं आणि मला पाहिलं.

त्याचे ओठ पुन्हा हलले. तेच वाक्य, सावकाश, एकेक शब्द वेगळा, माझ्यासाठी. काचेतून काहीही ऐकू आलं नाही.

तो वाट बघत राहिला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि हार्लन कधी घड्याळाकडे, कधी माझ्याकडे बघत होता. माझी मान आपोआप होकारार्थी हलायच्या बेतात होती. तो बरोबरच बोलला असणार, मला वाटलं, इतकं सगळं झाल्यावर आता चुकेल कसा? जरा मान हलवली की तो बटण फिरवेल, पास होईल, मे महिन्यात कामावर जाईल, आणि अ‍ॅरिझोनाचं नाव निघणार नाही. नाही हलवली तर तो असाच उभा राहील, चौतीस वर्षं राहिला तसा, आणि वेळ संपेल. पण समजा तो म्हणाला असेल, आधी सावकाश? मला कुठे ऐकू आलं होतं? मी फक्त त्याचं बोलणं थांबल्याचं बघितलं होतं.

काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती, ती मी बाहीने पुसली. 

मी हात वर केला, कानाकडे नेला आणि नकारार्थी मान हलवली. ऐकू आलं नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, हसू म्हणता येणार नाही असं. तो भांड्यांकडे वळला आणि त्याने बटण फिरवलं. कुठल्या बाजूला फिरवलं ते त्याच्या पाठीमुळे मला दिसलं नाही. मी बाकावर येऊन बसले. पुढचा तासभर मी भिंतीवरची सूचना वाचली. आज ती कसली होती विचाराल तर सांगता येणार नाही.

हार्लन आधी बाहेर आला. “पास,” तो म्हणाला. “पाणी असं झालंय की खाली वर्तमानपत्र ठेवून वाचावं. पण लोरेटा, हा माणूस भांड्यांशी बोलतो का गं?”

मागून आर्व्हिड आला, टोपी घालत.

“तुम्ही हो म्हणून मान हलवली असती तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “मी बरोबरच म्हटलं होतं.”

“मला ऐकू आलं नव्हतं.”

“हो. तेच बघितलं मी.” त्याने टोपी कानांवर ओढली आणि आयलीला फोन करायला गेला.

आता तो पाणी केंद्रात आहे, सकाळच्या पाळीला. राइनो दुपारी डाकघरापासून चालत तिथे जातो आणि दोघं बाकावर बसून कॉफी पितात. केन्झीही तिथेच लागली आहे आणि अजून त्याला आजोबा म्हणते. पिवळं पत्रक मी वाटायचं थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. त्यात काही खोटं नव्हतं. शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ घालावी असं चार वेळा मनात आलं, पण ती शिक्षकांसाठी असल्यामुळे कुठे घालावी ते कळत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या नळाला तांबूस पाणी आलं. एका हाताने तव्यावरचा मासा उलटत मी केंद्रात फोन लावला. आर्व्हिडनेच उचलला. मी सांगितलं: पाणी तांबडं आहे, सकाळपासून, फक्त स्वयंपाकघरात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या पद्धतीने परत सांगितलं. मी मासा उलटला. तेल उडालं. मग फोनमध्ये नुसती शांतता. मला वाटलं, लाइन गेली.

लाइन गेली नव्हती. तो वाट बघत होता.

“हो” माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी गॅस बंद केला आणि फोन नीट कानाला लावला.

“निस्कानेन,” मी म्हटलं, “परत सांगा. मी ऐकत नव्हते.”

त्याने पहिल्यापासून सांगितलं.